दोर ओला होता का?

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणी माझी चूक दाखवली की पहिले दोन दिवस मी चूक दाखवणाऱ्याच्या चुका शोधत बसतो आणि तिसऱ्या दिवशी ताळ्यावर येतो. बायको माहेरच्या माणसांना सांगायची, ह्यांच्याशी काही बोलायचं असेल तर परवा या. संशोधनाच्या वाटेला जाणाऱ्याला असला स्वभाव फार अडचणीचा. तिथं चुका दाखवणं हे काही माणसांचं कामच असतं, आणि ती माणसं ते काम नाव न सांगता करतात.

भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली होती. मी लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. स्लॅबखाली झोपायचा धीर होत नाही म्हणून लोकांनी अंगणात पत्र्याची शेडं टाकली होती. भीती ओसरली तशी त्याच शेडांत बाकं आली, फळे आले आणि बाहेर क्लासच्या पाट्या लागल्या. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला नांदेड, बीड, परभणीकडची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरायला लागली. आमच्या शेजारच्या शेडात सकाळी सहाला रसायनशास्त्र सुरू व्हायचं ते आमच्या न्हाणीघरात स्वच्छ ऐकू यायचं. बायको शाळेत मराठी शिकवायची, पण तोंड धुता धुता तिची अर्धी आवर्तसारणी पाठ झाली होती.

ते रसायनशास्त्र शिकवणारा माझा मित्र. आमच्याच कॉलेजातला, नोकरी सोडून क्लास काढलेला. त्याला भौतिकशास्त्राला माणूस पाहिजे होता आणि तो माणूस मीच असावा असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मी त्याला एक अट घातली. मी एक संशोधनलेख नांदेडच्या एका त्रैमासिकाला पाठवत होतो. तो स्वीकारला गेला तर मी कॉलेजातच राहणार आणि पीएच.डी.ला नाव घालणार. परत आला तर जूनच्या नव्या बॅचपासून क्लासवर हजर.

"मंजूर," तो म्हणाला. "आता रोज पूजेत एकच मागणं. तुझा लेख परत येवो."

तो हसत होता, पण मला हसू येत नव्हतं. बारा वर्षं मी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवत होतो आणि बरं शिकवत होतो. आपल्याला स्वतःला काही शोधता येतं का, हे मला एकदा कळून घ्यायचं होतं. येत नसेल तर मग क्लासच काय वाईट, असं मी मनाशी म्हणायचो, पण ते मलाच पटायचं नाही.

लेख विहिरींवर होता. औशाच्या पलीकडं माझ्या मामाचं गाव. भूकंपात घर पडलं, माणसं वाचली. गाव नव्या जागी बसलं, पण शेतं आणि विहिरी जिथल्या तिथंच राहिल्या. जो तो सांगायचा की भूकंपानंतर विहिरींचं पाणी बदललं. कुणी म्हणे वर आलं, कुणी म्हणे खाली गेलं. पाण्याच्या सरकारी खात्याकडं भूकंपाआधीच्या जुन्या वह्या होत्या. त्यांत त्या शिवारातल्या सहा विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदलेली मिळाली. मामानं अंबाडीचा नवा दोर वळून दिला. मी दर मीटरला गाठ मारून तिला तांबड्या चिंधीचा तुकडा बांधला, टोकाला वजन लावलं आणि दिवाळीनंतर आम्ही दोघं विहिरी मोजत फिरलो. सकाळी गावाजवळच्या दोन, मग ओढ्याकडच्या चार. संक्रांतीला पुन्हा तसंच. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं. गावाजवळच्या विहिरी जुन्या वहीशी जुळत होत्या आणि ओढ्याकडच्या चारी विहिरींचं पाणी जवळजवळ हातभर खाली होतं. जमिनीच्या पोटात काहीतरी सरकलं होतं आणि ते मला सापडलं होतं. त्या दिवशी एसटीत मी उभा राहून आलो, तरी मला बसल्यासारखं वाटत होतं.

त्रैमासिकाचे संपादक नांदेडचे एक निवृत्त प्राध्यापक होते. निजामाच्या काळात हैदराबादेत उर्दूतून शिकलेले, बोलण्यात अजून ती ऐट होती. त्यांची पद्धत अशी की लेख आला की लेखकाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तो दोन परीक्षकांकडं धाडायचा, एक मराठवाड्यातला, एक बाहेरचा. परीक्षकांची पत्रं आली की ती जशीच्या तशी लेखकाला पाठवायची नाहीत. मराठवाडा तो केवढा, अक्षरावरून माणूस ओळखू येतो. म्हणून सगळे शेरे ते स्वतः हिरव्या शाईनं पुन्हा लिहून काढायचे.

मार्चमध्ये मला हिरव्या शाईचे दोन कागद आले. त्यांत सात प्रश्न होते. पातळी मोजण्याआधी विहिरीवर पंप चालू होता का? त्या वर्षी पाऊस कसा होता? अंतर विहिरीच्या कोणत्या कडेपासून मोजलं? असे एकेक करत शेवटचा प्रश्न होता, दोर कशाचा होता, आणि मोजताना तो ओला होता का?

पहिले दोन दिवस मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. हा कोण पंख्याखाली बसून मला दोर ओला का कोरडा विचारणार? विहिरीत सोडलेला दोर ओला नसेल तर काय इस्त्री केलेला असेल? आमचे विभागप्रमुखच हे परीक्षक असणार अशी मला खात्री वाटली आणि मी त्यांच्याबरोबर चहाला जाणं बंद केलं. मी क्लासला जाणार म्हणून मला आत्ताच शिंगं फुटली, असं त्यांनी इतरांना सांगितल्याचं मागाहून कळलं. बिचाऱ्यांनी माझा लेख बघितलासुद्धा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी शांत झालो आणि मला एकदम हुरूप आला. सात प्रश्न. म्हणजे प्रश्नपत्रिकाच की. आणि प्रश्नपत्रिका सोडवण्यात लातूरकराचा हात धरणारा कोण आहे? मित्राला सांगितलं तर तो माझ्यापेक्षा खूष झाला.

"सगळे सोडीव. एकबी ऑप्शनला टाकू नको," तो म्हणाला. "आन् आकृत्या काढ. आकृतीला मार्क कुणी कापत न्हाई."

मी आखीव कागद आणले. डावीकडं समास सोडला. प्रश्न पहिला, उत्तर. व्याख्या, तत्त्व, सूत्र, आकृती, निष्कर्ष. महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीनं रेघ. सातव्या प्रश्नाचं उत्तर मी मोठ्या झोकात लिहिलं होतं. वनस्पतिजन्य तंतू ओलावा शोषून फुगतात, त्यामुळं दोराच्या लांबीत आकुंचन संभवते, तथापि ते नगण्य असते. सगळी मिळून एकोणीस पानं झाली. ती पुरवणीसारखी दोऱ्यानं बांधली, लेखाची प्रत जशी होती तशीच सोबत ठेवली आणि पाकीट पोस्टात टाकलं. आपल्याला शंभरापैकी नव्वदच्या खाली कुणी देऊ शकत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

एप्रिलात संपादकांचं कार्ड आलं. 'समक्ष भेटावे.' एवढंच.

मी आणि बायको अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला गेलो. नांदेड तिचं माहेर. सासऱ्यांनी अर्धापूरच्या केळीची एक फणी हातात दिली, म्हणाले, संपादकाकडं मोकळ्या हातानं जाऊ नये. संपादकांनी दारातच फणीकडं पाहिलं.

"निकाल लागेपर्यंत केळी घेत न्हाई मी," ते म्हणाले. "एक तुम्ही खा, एक मी खातो, म्हणजे पाहुण्याचा मान राहिला. बाकीची वापस न्या."

आम्ही एकेक केळ खाल्लं. मग त्यांनी माझी पुरवणी टेबलावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला.

"उत्तरं झकास हायत. इतकी सुंदर पुरवणी मी नोकरीत असतानाबी तपासली न्हाई. आता एक सांगा. हा लेख छापला तर वाचणारा कुणी बिदरचा असंल, कुणी साताऱ्याचा असंल. त्याला बी हाच प्रश्न पडणार, की पंप चालू होता का बंद. मग ही पुरवणी घेऊन मी त्याच्या घरी जाऊ काय?"

मला काही समजेना. मी म्हणालो, "सर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीत."

"कुणाला दिली? मला दिली. मी काय परीक्षा घेऊन राहिलो का?" ते शांतपणे म्हणाले. "परीक्षक म्हणजे तुमचा पहिला वाचक. तो जिथं अडखळला तिथं दुसराबी अडखळणार. तेवढी जागा लेखात दुरुस्त करायची. तुम्ही लेखाला हातच लावला न्हाई. मला अशी सहा-सात पाकिटं आली हायत आजवर. मतलब, सगळी लातूरची."

ते इतकं सरळ होतं की मला माझाच राग आला. बारा वर्षं पोरांना उत्तरं लिहायला शिकवून, प्रश्न विचारणाऱ्याला खरंच काही जाणून घ्यायचं असतं हे मी विसरून गेलो होतो. मला वाटायचं, विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं आणि तो फक्त आपल्याला ते येतं का बघतो.

मग त्यांनी सातवं उत्तर काढलं. "नगण्य, असं लिहिलंय. मोजलं काय?"

"नाही."

"मग नगण्य कुणी ठरवलं?"

त्या प्रश्नासरशी मला एक गोष्ट आठवली, जी दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. अंबाडीच्या नव्या दोराची कुसं तळहाताला टोचतात. सकाळी हात ताजे असतात, तेव्हा मामा काही बोलायचा नाही. गावाजवळच्या दोन विहिरी झाल्या, उन्हं चढली, की तो दोराचं अख्खं भेंडोळं शेतातल्या हौदात बुचकळून काढायचा, म्हणजे दोर मऊ पडतो. आमच्याकडं विहिरीवर काम करणारा कुणीही हेच करतो. ते इतकं रोजचं आहे की लिहावं असं मला वाटलंच नव्हतं. पहिल्या दोन विहिरी कोरड्या दोरानं मोजल्या होत्या. ओढ्याकडच्या चारी ओल्या दोरानं.

मी हे संपादकांना तिथं सांगितलं नाही. खरं तेच लिहितो, सांगायचं धाडस झालं नाही. ते मात्र मला दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "तसल्लीनं करा. परीक्षकाचा सूर मुळात इतका गोड नव्हता बरं का. हिरव्या शाईत थोडी साखर माझी असते."

लातूरला आल्यावर पहिल्या रविवारी बायको आणि मी गच्चीवर दोर पसरला. स्टीलच्या टेपनं कोरडा दोर मोजला. मग तो टाकीत बुडवला, काढला, पुन्हा मोजला. तिनं एक टोक धरलं होतं, मी दुसरं. पंधरा मीटरचा दोर जवळजवळ हातभर आखडला होता. दोर आखडला म्हणजे गाठी जवळ आल्या, आणि गाठी जवळ आल्या म्हणजे त्याच पाण्यापर्यंत पोचायला जास्त गाठी मोजाव्या लागणार. जमिनीच्या पोटातलं माझं ते रहस्य म्हणजे हा दोर होता.

मी टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. बायकोनं टेप गुंडाळली.

"नाडा भिजला की आखडतो, वाळला की सैल होतो," ती म्हणाली. "परकर शिवणारी कुठलीबी बाई सांगितली असती. मला विचारलं असतं तर."

"तू मराठीची शिक्षिका."

"म्हणून काय परकर घालत न्हाई का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. आता लेखात उरलंच काय होतं? मनात वाईट विचार आला, तोही सांगतो. दोर नायलॉनचा होता असं लिहिलं तर कुणाला कळणार? परीक्षक काही विहिरीवर येणार नाही. दोन दिवस मी तो विचार घेऊन हिंडलो. तिसऱ्या दिवशी औशाची एसटी धरली. वाईट विचार फार काळ टिकवायला लागणारी चिकाटी माझ्यात नाही, एवढंच त्याचं श्रेय.

मामाला सगळं सांगितलं. त्याला वाईट वगैरे काही वाटलं नाही.

"मी तुझ्यापुढंच भिजवून राहिलो, तू बघून राहिला," तो म्हणाला. "मग लिव्हलं का न्हाईस? तुम्ही शिकलेली मान्सं, बघताव ते लिव्हत न्हाई आन् लिव्हताव ते बघत न्हाई."

दोन दिवस उन्हात वाळवलेला दोर घेऊन आम्ही सहाही विहिरी पुन्हा मोजल्या. प्रत्येक विहिरीपाशी दोर टेपनं तपासला. मामानं तळहाताला फडकी गुंडाळली. खात्याच्या वहीतल्या उन्हाळ्याच्या नोंदी लावून बघितल्या तर ओढ्याकडच्या तीन विहिरी बरोबर जुळल्या. चौथी जुळली नाही. तिचं पाणी खरंच खाली गेलं होतं, कोरड्या दोरानंसुद्धा. मामा म्हणाला, "एक तरी घावली." मी वहीत आकडा लिहिला आणि खाली, दोर कोरडा, असं दोनदा लिहिलं.

लेख सगळा नव्यानं लिहिला. आधीचा निष्कर्ष काढून टाकला, दोराची हकीकत मधोमध घातली, मामाच्या हौदासकट. पंप, पाऊस, विहिरीची कड, सगळं जिथल्या तिथं बसवलं. बारा पानांची चार पानं झाली. मे महिन्यात ते नांदेडला गेलं आणि महिनाअखेरीस हिरव्या शाईचं उत्तर आलं. परीक्षकांचं समाधान बरंचसं झालंय, पण त्या एका विहिरीची आणखी एक पावसाळाभर मोजणी पाहिजे, निर्णय त्यानंतर. म्हणजे लेख स्वीकारलाही नाही आणि परतही केला नाही. तो पुढच्या दिवाळीनंतर टिपण म्हणून दीड पानात छापला गेला, पण जूनमध्ये मला ते कुठं माहीत होतं?

मित्र म्हणाला, "हे बघ, तारीख टळली. जूनपर्यंत मी थांबलो, आता तू शब्द पाळ." त्याचं खरं होतं. पेंटरनं पाटीवर माझं नाव लिहूनही टाकलं होतं, प्राध्यापक ह्या शब्दासकट. बॅचचा पहिला तास मी घ्यायचा ठरलं.

शेड पोरापोरींनी गच्च भरलं होतं. मी गतीचे नियम शिकवले. फळ्यावर लिहायचं, सांगायचं, ती लिहून घ्यायची. माझा आवाज त्या पत्र्याखाली चांगला घुमत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. मागं उभा असलेला मित्र मान डोलावत होता. तासाच्या शेवटी मी सवयीनं विचारलं, काही शंका?

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. जळकोटकडची होती.

"सर, भूकंप झाला त्या दिशी आमच्या आडाचं पाणी पांढरं झालतं. दुधावानी. आठ दिस तसंच व्हतं. का झालतं सर?"

पोरं हसली. प्रश्न कुठल्याच धड्यातला नव्हता. माझ्याकडं एक झकास उत्तर तयार होतं. व्याख्या, तत्त्व, आकृती, सगळं जिभेवर आलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मला माहीत नाही. तिथली माती बघावी लागेल, पाणी बघावं लागेल, मोजावं लागेल."

शेडातल्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या आणि सगळी पेनं चालायला लागली.

तास संपला. मित्र पहिल्या बाकावरची एक वही उचलून माझ्याकडं आला. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'प्रश्न: आडाचे पाणी पांढरे का झाले? उत्तर: माहीत नाही. मोजावे लागेल.' त्याभोवती चौकट होती आणि बाजूला आयएमपी.

तो आधी हसला, मग हसता हसता खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "असले तास घेतलेस तर दोन महिन्यात माझं दुकान बंद."

"पाटीवरचं नाव पुसायला सांग," मी म्हणालो.

"सांगतो," तो म्हणाला. रागावला नव्हता, पण हसणं थांबलं होतं. "लेखाचं काय होणार ते तुला अजून कळलेलं न्हाई, हे ध्यानात हाय ना?"

"आहे."

मला खरंच ते ठाऊक नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्या अख्ख्या तासात मला लेखाची आठवणच झाली नव्हती. मी बाहेर आलो. सायकली काढणाऱ्या पोरांच्या गर्दीत ती जळकोटकडची मुलगी दप्तर पोटाशी धरून उभी होती. माझीच वाट बघत होती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही म्हणलाव मोजावं लागंल. मंग कवा येताव?"

मी खिशातली वही काढली आणि तिला जळकोटच्या पहिल्या एसटीची वेळ विचारली.